दुपार अधिवेशन

पुलाखालच्या सिग्नलला मी उभी होते आणि कुणीतरी माझी करंगळी धरली. धरली म्हणजे सरळ मुठीत घेतली. विचारणं नाही, वर बघणं नाही. खाली पाहिलं तर तेल चोपडून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, पाठीवर भलंमोठं दप्तर आणि नजर समोरच्या लाल दिव्यावर. पहिलीतली असेल, फार तर दुसरीतली. तिला माणूस नको होतं, रस्ता ओलांडायला एक बोट हवं होतं, आणि त्यातल्या त्यात जवळचं बोट माझं होतं. दिवा बदलला तसं तिनंच मला ओढलं. माझ्या दुसऱ्या हातात लालबागच्या झेरॉक्सवाल्याकडून नुकताच स्पायरल करून घेतलेला प्रकल्प, खांद्यावर पर्स, पर्समध्ये डबा, आणि अंगावर सादरीकरणासाठी म्हणून मुद्दाम काढलेली नारायणपेठी. अर्ध्या रस्त्यात मी माझ्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, "एकटीच आलीस शाळेला? घरातलं कुणी नाही?" ती म्हणाली, "तायडी सकाळची आहे. मी दुपारची." पलीकडचा फुटपाथ आला, तिनं करंगळी सोडली आणि गल्लीत शिरली. मागे वळून बघितलंही नाही. का बघावं? तिचं काम झालं होतं.

दादरची बस मिळाली, खिडकीही मिळाली. दुपारच्या बसमध्ये पेंगणारी चार माणसं आणि पुढच्या सीटवर पाय पसरून बसलेला कंडक्टर. मी प्रकल्प मांडीवर ठेवला आणि करंगळीकडे बघत बसले. मी तशी सुखी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अँटॉप हिलला राजेशच्या सरकारी नोकरीचं क्वार्टर आहे, खिडकीबाहेर एक बदामाचं झाड आहे, मुलगी मनवा कॉलेजात जाते आणि माझं ऐकत नाही, म्हणजे सगळं रीतसर चाललंय. परळच्या पालिकेच्या शाळेत मी मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी डोक्यात किडा वळवळला की आता एक शाळा पुरे झाली, सगळा विभाग बघावा. विभाग निरीक्षक व्हावं, पुढे जमलं तर त्याच्याही वरचं काही. त्यासाठी शालेय प्रशासनाचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम. शनिवार-रविवार दादरच्या कॉलेजात बाकावर बसायचं, भावी अधिकारी म्हणून. राजेश म्हणाला, "घरात आहेसच की अधिकारी, वर सर्टिफिकेट कशाला?" पण फी त्यानंच भरली. आणि खरं सांगायचं तर मला तिथं फार मजा आली. इतक्या वर्षांनी कुणीतरी दुसरं फळ्याशी उभं आहे आणि आपण खाली बसून बाजूच्या मधुराशी कुजबुजतोय, ह्याच्यासारखं सुख नाही. मधुरा ठाकूरद्वारच्या एका शाळेची मुख्याध्यापिका. ती माझ्या डब्यातली कोलंबी संपवायची आणि वर मला सांगायची, की अनुजा, तू अधिकारी झालीस ना, की आधी माझ्या शाळेचा नळ दुरुस्त कर.

आज शेवटचं सादरीकरण होतं. प्रत्येकाला एकेक भाग नेमून दिला होता. त्या भागातल्या शाळा, पटसंख्या, वर्गखोल्या, शिक्षक, सगळं मांडायचं आणि आपण अधिकारी असतो तर काय केलं असतं ते सांगायचं. ज्याचं सादरीकरण पहिलं येईल त्याचं नाव विभाग निरीक्षकाच्या प्रभारी जागेसाठी कॉलेज पुढे पाठवणार, हे विजयकर सरांनी वर्गात उघड सांगितलं होतं. मनमोहन विजयकर, आमचे प्रमुख, गिरगावातल्या जुन्या घरातले, निवृत्त शिक्षणाधिकारी, बोलणं इतकं स्वच्छ की आमच्यासारख्या लालबागच्या पोरींना आपण उगाच खोकल्यासारखं वाटावं. मला भाग मिळाला तो लालबाग-परळचाच. मी नावं झाकून तिथल्या तीन शाळांना क, ख, ग म्हटलं. क शाळेला हात लावायचं कारण नव्हतं. ग शाळा छोट्यांची, सकाळी भरणारी, पट घसरत घसरत अगदी मूठभर उरलेला, इमारतीच्या जिन्याला टेकू. ख शाळा जवळच, मोठी, सुस्थितीत. आमच्या शाळा एकाच इमारतीत दोनदा भरतात, सकाळचं एक अधिवेशन आणि दुपारचं एक. ख शाळेत सकाळी मोठे वर्ग गच्च भरलेले आणि दुपारी खोल्या रिकाम्या. सुचायला काय लागतं? ग शाळा बंद करायची, तिथली छोटी मुलं ख शाळेच्या दुपार अधिवेशनात घ्यायची. खोल्या वापरात येतात, शिक्षक वाचतात, अंतर नियमात बसतं. विजयकर सरांनी कच्चा आराखडा पाहून म्हटलं होतं, "अनुजाताई, हे कुणी आधी का केलं नाही असं वाटावं इतकं सरळ आहे." ते वाक्य मी घरी जाऊन राजेशला दोनदा ऐकवलं होतं.

तायडी सकाळची, मी दुपारची. बस परळकडे वळली तरी ते वाक्य डोक्यातून हलेना. त्यात काही दुःखबिख्ख नव्हतं. आपला रोल नंबर सांगावा तसं तिनं सांगितलं होतं. आणि तरी मला अस्वस्थ वाटायला लागलं, घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही असं वाटतं तसं. मी प्रकल्प उघडला. रंगीत तक्ते होते. खोल्या होत्या, बाकं होती, अंतरं होती. मुलं इयत्तेप्रमाणे उभी केली होती, पहिलीची पहिलीत, सातवीची सातवीत. आणि एकदम कळलं की ह्यात कुठेही कुणी कुणाची बहीण नाही. पहिलीतलं पोर शाळेत आपल्या पायांनी येत नाही, ते कुणाच्या तरी हाताला धरून येतं. आमच्याकडे आई सकाळीच धुण्याभांड्याला नाहीतर ऑफिसची झाडलोट करायला गेलेली असते, बाप ड्युटीवर. हात असतो तो सातवीतल्या नाहीतर आठवीतल्या ताईचा. वीस-पंचवीस वर्षं मी हे रोज शाळेच्या दारात उभी राहून बघितलंय. ताई सकाळची आणि धाकटी दुपारची झाली, तर धाकटी सकाळभर बंद घरात कुणाजवळ? स्टोव्ह आहे, गॅलरी आहे, जिना आहे. मग आई काय करते ते मला ठाऊक आहे, कुठल्याही बाईला ठाऊक आहे. ती ताईला म्हणते, राहा थोडे दिवस घरी. मी ग शाळेतली मुलं नीट हलवली होती, आणि ख शाळेतल्या मोठ्या मुली माझ्या त्या सरळ आराखड्यातून एकेक करून घरी बसत होत्या. त्या बसतील तेव्हा हजेरीपटावर लिहिलं जाईल, सतत गैरहजर. कारणाच्या रकान्यात कुणीतरी माझ्यासारखीच बाई लिहील, अभ्यासात गोडी नाही.

गोडी नाही. हे दोन शब्द माझ्या मनात आले ते सुभद्राताईच्या आवाजात. माझी थोरली बहीण. आमच्या घरात हे वाक्य कपाटावरच्या देवासारखं कायमचं बसलेलं होतं, सुभद्राला अभ्यासाची गोडी नव्हती, अनूला होती. आई म्हणायची, अप्पा म्हणायचे, ताई स्वतः म्हणायची, आणि मी तर ह्याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात, माझा शैक्षणिक प्रवास ह्या निबंधात, ते छानपैकी लिहूनही दिलं होतं. कुणाला शिक्षणाची ओढ असते, कुणाला नसते, असं काहीतरी. त्यावर सरांनी बरोबरची खूणही केली होती. बस सिग्नलला थांबली होती. बाजूला एका टॉवरच्या जाहिरातीत एक गोरं कुटुंब हसत होतं. तिथं पूर्वी गिरणी होती. अप्पा तिथं साचाखात्यात, मागावर होते. संप झाला तेव्हा मी पहिलीत होते. पावसाळ्यापर्यंत चाळीतल्या अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली, लोक कोकणात गावी निघून गेले, भात लावायला, दुसरं काय करणार. अप्पाही गेले. आईनं मात्र मुंबई सोडली नाही, ती हिंदू कॉलनीत स्वयंपाकाच्या कामाला लागली. एरवी चाळीत पोर कुणाच्याही खोलीत वाढतं, पण तेव्हा खोल्याच बंद होत्या. हे सगळं मला नेहमी आठवतं. आमच्या पिढीतल्या लालबागकरांना ते आठवावंच लागतं, कुणीतरी विचारतंच. पण त्याच्यापुढचं मला कधी आठवावं लागलं नव्हतं.

आमच्या गल्लीतली शाळा बंद झाली. मुलंच उरली नाहीत, सगळी गावी. माझी दुसरी मोठ्या रस्त्यापलीकडच्या इमारतीत भरायला लागली, आणि भरायची दुपारी. हे मला इतकं लख्ख आठवलं की मी बसमध्ये सरळ होऊन बसले. दुपारचं ऊन, तापलेलं डांबर, ताईचा घामेजलेला हात, आणि तिची ती सवय, रस्ता ओलांडताना अर्ध्यावर मला डावीकडून उजवीकडे घ्यायची, म्हणजे गाडी आलीच तर आधी तिला लागेल. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. म्हणजे त्या वर्षी ती आठवीला. आठवी हायस्कूलमध्ये, आणि हायस्कूल सकाळचं. मग दर दुपारी ती मला न्यायला मोकळी कशी होती? सकाळी मी घरात तिच्याबरोबर सागरगोटे कशी खेळत होते? मी इतकी वर्षं मुलांच्या हजेऱ्या बघतेय, एका नजरेत सांगते कुठलं पोर कामाला लागलंय आणि कुठल्या पोरीचं लग्न ठरतंय. आणि माझ्याच घरातली ही गैरहजेरी मला दिसली नव्हती. अपराधी वगैरे वाटलं म्हणावं तर तसं नाही. सात वर्षांच्या मुलीनं काय करायचं होतं? मला आश्चर्य वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, सांगायला चमत्कारिक वाटतं, पण एक प्रकारचा आनंद झाला, आपल्यावर इतकं प्रेम कुणी केलं होतं हे ह्या वयात नव्यानं कळल्याचा. दादर टीटी आलं तेव्हा कंडक्टरनं मला हाक मारून उतरवलं.

वर्गात एसी लावला होता, म्हणजे पाहुणे आले होते. परीक्षक म्हणून बाहेरच्या एक मॅडम, विजयकर सर, आणि मागे आम्ही सगळे. माझ्या आधी गंधारचं झालं. गंधार आमच्यातला सगळ्यात तरुण, रे रोडकडच्या शाळेत शिक्षक, त्याच्या पडद्यावर बाण आपोआप हलायचे. मधुरा कानात म्हणाली, "ह्याचे बाण गेले उडत. तूच पहिली. साडी पण झकास आहे." मी पुढे गेले. क, ख, ग पडद्यावर आले. रिकाम्या खोल्यांचं पान आलं तेव्हा बाहेरच्या मॅडमनी मान डोलावली, आणि माझ्या आत एक शहाणी बाई म्हणाली, अनुजा, इथंच थांब, पुढचं पान दाखव, आभार मान आणि जागेवर जा. हा कागदावरचा खेळ आहे, ह्यानं कुठली शाळा उद्या बंद होत नाही. पण अधिकारी झाल्यावरही सगळं कागदावरच तर असणार होतं.

"ह्यात एक चूक आहे," मी म्हटलं. "माझीच आहे."

मग मी सांगितलं. कुठलं पोर कुणाच्या हाताला धरून येतं ते सांगितलं. ताई सकाळची आणि धाकटी दुपारची झाली तर काय होईल ते सांगितलं. पडद्यावर मात्र तोच जुना आराखडा होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून त्याच्या विरुद्ध बोलत होते, त्यामुळे दृश्य जरा विनोदी असावं.

विजयकर सरांनी चष्मा काढला. "नियमाच्या बाहेर आहे का काही?"

"नाही सर. सगळं नियमात आहे."

"मग ह्याला आधार काय?" बाहेरच्या मॅडमनी विचारलं. त्या तिरकस नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "ख शाळेतल्या किती मुलींची भावंडं ग शाळेत आहेत? आकडा आहे?"

"नाही. तो कुणीच गोळा करत नाही. मीही केला नाही."

"मग तुम्हाला कशावरून वाटतं मुली शाळा सोडतील?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते अशा ठिकाणी द्यायचं नसतं, हे दोन वर्षांत शिकले होते. "माझ्या बहिणीनं सोडली," मी म्हटलं. "मी दुपारची झाले म्हणून."

"तुमची आता शिफारस काय?" सरांनी विचारलं.

"ग शाळा तूर्त बंद करू नये. आधी भावंडं मोजावीत. छोट्यांचे वर्ग सकाळीच बसतील अशी सोय झाली, तरच हलवावं. ती सोय आज माझ्याकडे नाही."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "अनुजाताई, मुद्दा मोलाचा आहे. पण सादरीकरण अपुरं राहिलं, हे तुम्हालाही मान्य असेल." मला मान्य होतं. मीही माझ्या शिक्षकांना हेच म्हटलं असतं. पहिला आला गंधार, नाव त्याचं जाणार. मला भावंडांचा आकडा घालून प्रकल्प पुन्हा द्यायला सांगितलं, आणि नाव पुढच्या खेपेला बघू म्हणाले. पुढची खेप कधी ते कुणाला ठाऊक नाही. मधुरा जिन्यात माझ्यावर भडकली. "उद्या सांगायचं होतंस ना. नाव गेल्यावर सांगायचं. येडी आहेस का तू?" मग तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ती म्हणाली, "मला माझा मोठा दादा शाळेत न्यायचा." तिनं नाक पुसलं, आम्ही खाली उसाचा रस प्यायलो आणि ती तिच्या बसला गेली. वाईट वाटलं का? वाटलं. ती जागा मला हवी होती, अजूनही हवी आहे. पण रस गोड होता. मी घरी न जाता परत लालबागला गेले.

सुभद्राताईची जुनी चाळ पडून तिथं इमारत झाली, तरी ती राहते दार उघडं टाकूनच. एप्रिल म्हणजे तिच्या मसाल्याचा सीझन. हॉलभर वर्तमानपत्रं पसरली होती, त्यावर बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, आणि मधे ताई, मांडी घालून देठं काढत. उद्या डंकावर कुटायला न्यायच्या होत्या. लोक तिचा मालवणी मसाला अंधेरीहून येऊन घेऊन जातात. दारातच मला शिंक आली.

"काय गो, आज ह्या वेळेक? नि नारायणपेठी नेसून?" ती म्हणाली. "परीक्षा होती मा तुझी? पास झालंस?"

"पास झाले. पहिली नाही आले."

"असू दे. जेवलंस?"

मी तिच्यासमोर बसले आणि देठं काढायला हात लावला. तिनं माझ्या हातावर चापट मारली, साडीला लागेल म्हणून. मग मी विचारलं, "ताई, आठवीला तुझं नाव घातलं होतं ना?"

"घातलेला."

"मग?"

"मगे काय? गेलंय थोडे दिवस." तिचे हात चालूच होते, एक मिरची, एक देठ. "माका गोडी नव्हती गो अभ्यासाची."

तेच वाक्य, तसंच्या तसं. मी तिचं तोंड बघत राहिले. तिथं काही लपवलेलं नव्हतं. ती ते इतकी वर्षं म्हणत आली होती की आता ते खरं झालं होतं, आणि ते खोडून काढायचा अधिकार मला आहे का, असं मला वाटलं. म्हणून मी तिला तिची गोष्ट सांगितली नाही. आजची सांगितली. क, ख आणि ग सांगितल्या, दुपारच्या रिकाम्या खोल्या सांगितल्या, धाकट्या मुली आणि मोठ्या मुली सांगितल्या. गंधारचे हलणारे बाण सांगितले तेव्हा ती हसली. मोठ्या मुली घरी बसल्या असत्या, म्हणून मी नको म्हटलं, नि माझी जागा गेली, असं सांगून संपवलं. खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली, कुकरची शिट्टी झाली, ताई उठून गॅस बारीक करून आली आणि पुन्हा ढिगासमोर बसली. एक मिरची उचलली. तिचं देठ मात्र काढलं नाही.

"अनू," ती म्हणाली, "आठवीच्या गणितात काय असता गो?"

"बीजगणित," मी म्हटलं. "आकड्यांच्या जागी अक्षरं येतात."

"अक्षरां? गणितात?"

"हो. जे माहीत नाही त्याला एक अक्षर द्यायचं, आणि मग ते शोधून काढायचं."

तिनं मिरची ढिगात टाकली, पदराला हात पुसले, मधली वर्तमानपत्रं बाजूला सरकवली आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसली.

"सांग," ती म्हणाली.